रानातली बालवाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते सात वर्षांच्या मुलांना नियमितपणे झाडीत, मोकळ्यावर नेऊन शिकू देण्याच्या पद्धतीबद्दल पालक आणि नव्याने हे काम सुरू करणारे शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच मोठे आहेत.

रानातली बालवाडी म्हणजे नेमके काय? ती सहलीहून वेगळी कशी?

सहलीला मुले एखादी जागा एकदा पाहतात आणि परत येतात. रानातल्या बालवाडीत तीच मुले त्याच जागी आठवड्यामागून आठवडे, निदान दोन-तीन ऋतू आणि शक्य असेल तर वर्षभर जात राहतात. सारा फरक या परत परत जाण्यात आहे. पहिल्या दिवशी मुलाला रान म्हणजे एक मोठा हिरवा गोंधळ वाटतो. सहाव्या-सातव्या फेरीला त्याला वाट ठाऊक झालेली असते, कोणत्या दगडावर पाय घसरतो हे पायालाच कळलेले असते, आणि मग त्याची नजर बारीकसारीक गोष्टींकडे वळते. मागच्या आठवड्यात मिटलेली कळी आज उमललेली दिसते, ओला असलेला खड्डा कोरडा पडलेला दिसतो. कालची जागा आठवत असल्याशिवाय आजचा बदल दिसत नाही, आणि बदल दिसल्याशिवाय प्रश्न पडत नाही. म्हणूनच दहा निरनिराळी रम्य ठिकाणे दाखवण्यापेक्षा एकच साधी जागा दहा वेळा दाखवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

या पद्धतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. काही बालवाड्या जवळजवळ संपूर्णपणे रानातच भरतात आणि त्यांना निवाऱ्यापुरती एखादी झोपडी किंवा लाकडी गाडी असते. दुसऱ्या प्रकारात नेहमीच्या शाळेतली मुले आठवड्यातून एक दिवस किंवा अर्धा दिवस रानात येतात. दोन्ही चांगले चालतात, मात्र वेळ निदान दोन-तीन तासांचा हवा. पहिला पाऊण तास अंग मोकळे करण्यातच जातो, आणि खरा खेळ त्यानंतर रंगतो.

ही कल्पना कुठून आली?

फ्रीडरिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था काढली आणि जिला पुढे 1840 मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिच्या विचारात मुलांनी स्वतः वाफे राखणे हा कामाचाच भाग होता. लंडनच्या डेप्टफर्ड भागात मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी 1914 मध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उघड्यावरची बालशाळा चालवली. रानातल्या बालवाडीची सुरुवात मात्र सर्वसाधारणपणे डेन्मार्कमध्ये मानली जाते. तिथे 1950 च्या दशकात एला फ्लाताउ या आईने आपल्या आणि शेजाऱ्यांच्या मुलांना रोज जवळच्या जंगलात नेण्यास सुरुवात केली.

स्वीडनमध्ये 1957 साली गोस्ता फ्रोम यांनी ‘स्कोग्समुले’ हे जंगलात राहणारे काल्पनिक पात्र रचून मुलांना रानाची ओळख करून दिली आणि 1985 मध्ये लिडिंगो येथे त्याच परंपरेतली पहिली उघड्यावरची बालवाडी सुरू झाली. जर्मनीत फ्लेन्सबर्गच्या वनबालवाडीला 1993 मध्ये शासकीय मान्यता मिळाली आणि त्यानंतर तिथे अशा बालवाड्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर महाविद्यालयातील मंडळी डेन्मार्कला जाऊन आली आणि परतल्यावर त्यांनी ‘फॉरेस्ट स्कूल’ या नावाने हे काम ब्रिटनमध्ये रुजवले.

मुले तिथे एवढा वेळ करतात तरी काय?

बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘नुसती खेळत’ असतात. चिखल कालवतात, काटक्यांचे घर उभारतात, ओंडक्यावरून तोल सावरत चालतात, दगड उलथून पाहतात. सायमन निकोल्सन यांनी 1971 मध्ये सुट्या वस्तूंविषयी एक मुद्दा मांडला होता, आणि त्याचा आम्हाला रोज प्रत्यय येतो. एखाद्या जागी हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथल्या माणसाची कल्पकता जास्त कामाला लागते. घसरगुंडीचा उपयोग घसरण्यापुरता असतो. काठी मात्र सकाळी पूल असते, नंतर मासेमारीचा गळ होते आणि घरी जाण्याच्या वेळेला घोडा होते.

एक प्रसंग सांगतो. चार वर्षांच्या एका मुलाने कुजलेल्या ओंडक्याची साल उचलली. खाली ओलसर भुसा, पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांचे जाळे आणि एक काळपट पैसा किडा होता. बोट लागताच किड्याने वेटोळे घातले. ‘‘ताई, मेला का?’’ मुलाने विचारले. ताईंनी ‘‘तुला काय वाटतं?’’ एवढेच म्हटले आणि शेजारी उकिडव्या बसल्या. मूल वाट पाहू लागले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग वेटोळे थोडे सैल झाले, दोन मिशा बाहेर आल्या, आणि पायांची एक लाट किड्याच्या अंगभर सरकत गेली. मुलाने श्वास रोखून धरला होता. पुढच्या आठवड्यात तो इतरांना त्याच ओंडक्याशी घेऊन गेला आणि म्हणाला, ‘‘हळू हात लावा, नाहीतर तो गोल होतो.’’ सजीव धोक्याला प्रतिसाद देतात, हे वाक्य त्याला कोणी सांगितले नव्हते.

मग शिक्षकाचे काम काय उरते?

काम पुष्कळ असते, पण त्यातले बरेचसे दिसत नाही. जागा आधी फिरून तपासणे, कोण कोणत्या खेळात गुंतले आहे याच्या नोंदी ठेवणे, मागच्या वेळी मुलांचे कुतूहल जिथे अडकले होते त्याला पुढे नेणारी एखादी वस्तू सोबत नेणे (भिंग, दोरी, बादली) आणि मुख्य म्हणजे थांबणे. वरच्या प्रसंगात ताईंनी लगेच किड्याचे नाव, पायांची संख्या आणि आहार सांगितला असता, तर मुलाने मान डोलावली असती आणि ते तिथून उठून गेले असते. नाव सांगू नये असे मुळीच नाही. मुलाने पाहून घेतल्यावर, त्याने विचारल्यावर नाव जरूर सांगावे, कारण नाव कळले की ओळख पक्की होते. नव्या शिक्षकांना या थांबण्याचीच सवय करायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

अक्षरे आणि अंक मागे पडणार नाहीत ना?

लिहिण्यासाठी बोटांइतकीच खांदा, मनगट आणि पाठीची ताकद लागते, आणि ती ओंडके ओढून, दोरीला लोंबकळून, माती खणून येते. आठ काटक्या लहान-मोठ्या क्रमाने लावणे, ‘‘तुला तीन, मला तीन’’ अशी बियांची वाटणी करणे, बादली अर्धी भरली की पाऊण यावर भांडणे, हे सारे गणितच आहे. भाषेच्या बाबतीत तर रान फारच उदार आहे. खरखरीत, बुळबुळीत, ठिसूळ, चिवट, दमट हे शब्द हाताला ती वस्तू लागल्यावर जसे मनात बसतात, तसे चित्र पाहून बसत नाहीत. त्यातच ‘‘हा ओंडका एकट्याने उचलत नाही, तू त्या टोकाला धर’’ असे बोलावेच लागते, त्यामुळे अबोल मुलेही बोलती होतात.

तरीही हे स्पष्ट सांगायला हवे की रान वाचन शिकवत नाही. अक्षरओळख पद्धतशीरपणे व्हावी लागते, आणि ज्या बालवाड्या पूर्णपणे बाहेर भरतात त्यांनी गोष्टी, गाणी, पुस्तके आणि शाळापूर्व तयारी यांसाठी ठरावीक वेळ राखून ठेवला पाहिजे.

आरोग्याला खरोखर फायदा होतो का, की ही केवळ समजूत आहे?

काही बाबतींत चांगले पुरावे आहेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमध्ये झालेल्या एका प्रयोगात सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी निम्म्या शाळांतील मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर ठेवले गेले. तीन वर्षांनंतर त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते, तर इतर शाळांमध्ये ते सुमारे 40 टक्के होते. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. मोकळ्यावरचा प्रखर उजेड हे यामागचे मुख्य कारण मानले जाते. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या 75 मुलांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातला जमिनीचा थर आणून अंथरला गेला. अवघ्या 28 दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तातील प्रतिकारशक्तीशी संबंधित काही घटकांतही अनुकूल बदल दिसले. नॉर्वेत इंगुन फ्योर्टॉफ्ट यांनी रोज जंगलात खेळणाऱ्या पाच ते सात वर्षांच्या मुलांची तुलना नेहमीच्या मैदानात खेळणाऱ्यांशी केली, तेव्हा जंगलातल्या मुलांचा तोल आणि अवयवांचा मेळ अधिक सुधारलेला आढळला.

मात्र यातले काही अभ्यास लहान आहेत. रानात गेलेले मूल कधी आजारी पडणार नाही किंवा हुशारच होईल, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

झाडावर चढणे, चाकू वापरणे, विस्तवाजवळ बसणे हे लहान मुलांसाठी सुरक्षित आहे का?

जोखीम आणि घात यांत फरक केला पाहिजे. जोखीम मुलाला दिसते. ही फांदी उंच आहे, हा दगड निसरडा आहे, हे त्याला कळते आणि पुढे जायचे की नाही हे ते ठरवू शकते. घात त्याला दिसत नाही. वर अडकलेली वाळकी फांदी, गवतात पडलेली काच, पोखरलेला कडा हे ओळखणे आणि दूर करणे ही सर्वस्वी मोठ्यांची जबाबदारी आहे. नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले. उंची, वेग, धोकादायक अवजारे, पाणी-विस्तवासारख्या गोष्टींचे सान्निध्य, दांडगाई आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे हे ते प्रकार होत. मुले हे प्रकार शोधून काढतातच. त्यांना ते समजूतदार मोठ्यांच्या देखरेखीखाली करता यावेत, यात शहाणपण आहे.

प्रत्यक्षात काही नियम कसोशीने पाळले जातात. मुलाला झाडावर कधीही उचलून ठेवायचे नाही. जिथवर ते स्वतः चढेल तिथवरच जाईल, कारण स्वतः चढलेल्या मुलाला उतरण्याचाही अंदाज आलेला असतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तिन्हींचा आधार पक्का असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. चाकूआधी साल सोलणी हातात येते, तीही बसून, अवजार अंगापासून दूर चालवत आणि सुरुवातीला एका मुलामागे एक मोठे माणूस ठेवून. अवजार धरलेल्या हाताच्या टप्प्यात दुसरे कोणी नसावे. विस्तव परवानगी असलेल्या ठिकाणीच पेटवला जातो. बैठका त्यापासून अंतर राखून गोलाकार मांडतात, त्या गोलातून कोणी आरपार जात नाही आणि ये-जा बैठकांच्या मागून होते. विस्तवाजवळ यायचे ते एक गुडघा टेकून, म्हणजे पटकन मागे होता येते. पाण्याची भरलेली बादली विस्तव पेटण्याआधीच शेजारी असते.

‘‘जपून रे’’ असे सतत ओरडल्याने मूल घाबरते, पण कशाला जपायचे हे त्याला कळत नाही. त्याऐवजी ‘‘तुझा डावा पाय कुठे आहे? ती फांदी हलते आहे का?’’ असे विचारावे.

मूल हरवले तर?

पहिल्या काही फेऱ्यांमध्ये सीमा शिकवण्यावरच भर असतो. रंगीत फडकी बांधलेली झाडे ही सीमा असते आणि मुले मोठ्यांबरोबर ती चालून पाहतात. एक ठरलेली साद असते. ती ऐकू आली की हातातले काम टाकून सर्वांनी उत्तर देत जमायचे, आणि ही गोष्ट लपंडावाच्या रूपात इतक्या वेळा घोटली जाते की ती अंगवळणी पडते. मुलांची मोजणी निघताना, पोहोचल्यावर, मध्ये ठरावीक वेळाने आणि परतताना होते. साधारण 15 ते 20 मुलांच्या गटाला निदान दोन, आणि वय लहान असेल तर त्याहून अधिक प्रशिक्षित माणसे हवीत. त्याविषयी स्थानिक नियम असतील तर ते पाळलेच पाहिजेत. पाण्याजवळ मात्र नजरेआड होण्याची मुभा नाही, कारण लहान मूल काही सेंटिमीटर खोल पाण्यातही बुडू शकते.

साप, विंचू, गांधीलमाश्या, गोचीड यांचे काय?

हाताने चाचपण्याआधी काठीने पाहायचे, दगडाची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची म्हणजे खालचा जीव पलीकडे जाईल, साप दिसला तर थांबून सावकाश मागे सरायचे आणि मोठ्यांना सांगायचे, हे मुले लवकर शिकतात. रानातली कोणतीही वस्तू मोठ्यांनी सांगितल्याशिवाय तोंडात घालायची नाही, या नियमाला अपवाद नाही. शिक्षकाकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, ॲलर्जी असलेल्या मुलांची औषधे आणि जवळच्या रुग्णालयापर्यंतची वाट यांची तयारी असावी. गोचिडी असलेल्या भागातून आल्यावर काखा, जांघा, कानामागे आणि केसांत तपासावे. गोचीड आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी, तिच्यावर तेल किंवा पेटती काडी लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावे.

पाऊस आणि थंडीत वर्ग भरतो का? कपडे कसे हवेत?

पाऊस आणि थंडीमुळे वर्ग बंद होत नाही, वारा आणि विजेमुळे मात्र होतो. जोराच्या वाऱ्यात वाळक्या फांद्या कोसळतात, म्हणून त्या दिवशी झाडीत जायचेच नाही. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर इमारतीत किंवा बंद गाडीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. झाडाखाली आसरा कधीही घेऊ नये.

थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. अंगालगत सुती कपडा नसलेला चांगला, कारण सूत भिजले की लवकर वाळत नाही आणि अंग गार पडते. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे, पण सैल आणि हलके कपडे घालावेत. बदलायचा एक पूर्ण जोड पिशवीत हवाच. नवे किंवा आवडते कपडे कृपा करून पाठवू नका, कारण कपडे मळतील या धास्तीने जे मूल कडेला उभे राहते, त्याचा सारा दिवस फुकट जातो.

शी-शूची आणि हात धुण्याची सोय काय असते?

आडोसा केलेली ठरलेली जागा असते. खड्डा खणायचा असल्यास तो 15 ते 20 सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून निदान 60 मीटर दूर असावा. पुष्कळ गट मैला डब्यात भरून सोबत परत नेतात, आणि रोज एकच जागा वापरणाऱ्यांसाठी तेच योग्य आहे. खाण्याआधी आणि शौचानंतर साबण व वाहत्या पाण्याने हात धुतले जातात. माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही.

आमचे मूल भित्रे आहे, किंवा त्याला विशेष गरजा आहेत. ते रमेल का?

बहुतेक रमतात, पण आपापल्या वेळेने. काही मुले पहिले तीन-चार आठवडे शिक्षकाचा हात सोडत नाहीत आणि त्यांना तो सोडायला लावूही नये. वर्गातला गोंगाट ज्यांना सोसत नाही, अशा मुलांना झाडीतली शांतता आणि अंतर मानवते. काहींना मात्र ओल्या मातीचा स्पर्शच नकोसा असतो, तेव्हा हातमोजे किंवा पळी देऊन सुरुवात करता येते. चाकाच्या खुर्चीसाठी टणक वाट असलेली जागा निवडणे ही आयोजकांची जबाबदारी आहे, आणि जागा निवडून झाल्यावर तिचा विचार करणे म्हणजे उशीर झाला. मुलाची रोजची पद्धत, त्याला शांत करणाऱ्या गोष्टी आणि धास्तीच्या जागा पालकांनी आधी मोकळेपणाने सांगितल्या तर फार मदत होते.

एवढ्या मुलांच्या वावराने रानाचेच नुकसान होत नाही का?

होऊ शकते. रोजच्या तुडवण्याने माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळे उघडी पडतात आणि रोपे उगवत नाहीत. म्हणून जागेचे भाग पाडून ते आलटूनपालटून विश्रांतीला सोडतात, आणि घरट्यांच्या काळात काही भाग पूर्ण बंद ठेवतात. फुले-पाने तोडण्याऐवजी जमिनीवर पडलेली घेतात. उलथलेला दगड आणि उचललेला ओंडका जसा होता तसा परत ठेवतात, कारण ते कुणाचे तरी छप्पर असते. जमिनीच्या मालकाची किंवा वनखात्याची लेखी परवानगी तर आधी हवीच. विश्रांतीला सोडलेल्या भागाच्या दोरीवर मुलेच पहारा देतात, आणि पाहुण्यांना तिथून जाऊ देत नाहीत.

जवळ जंगल नसेल तर?

चार-पाच मोठी झाडे, पालापाचोळा न झाडलेला एक कोपरा आणि खणता येईल अशी माती एवढ्यावरही सुरुवात होते. झाडलोट करणाऱ्यांना तो कोपरा तसाच ठेवायला सांगणे हे पहिले काम. दोन-चार जाड ओंडके आणून टाकावेत आणि कुजू द्यावेत. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्याखाली किडे, बुरशी आणि गोगलगायी आपोआप वस्तीला येतात. दूरच्या घनदाट रानात वर्षातून दोनदा जाण्यापेक्षा हा कोपरा आठवड्यातून दोनदा मिळणे कितीतरी मोलाचे आहे.

मूल घरी येऊन काहीच सांगत नाही. काय विचारावे?

‘‘आज काय शिकलास?’’ या प्रश्नाला बहुधा ‘‘काही नाही’’ असेच उत्तर येते. त्याऐवजी खिसे रिकामे करायला एक डबा दाराशी ठेवा आणि एकेक वस्तू बाहेर काढत असताना शेजारी बसा. भोक पडलेले पान, शेंगेचे अर्धे टरफल, चपटा दगड यांची हकिगत तो दगड हातात असेपर्यंत मूल सांगत राहते. मध्येच दुरुस्ती करू नका. त्यात एखादा जिवंत किडा निघाला तर त्याला ओल्या पाल्यासह डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी मुलाच्याच हाती परत पाठवा. तो ज्या ओंडक्याखालून आला ती जागा मुलाला ठाऊक असते.